केंद्र क्रमांक चार, भूगोल विभाग

सकाळी सील फोडलं तेव्हा शाई
बाटलीच्या गळ्यापर्यंत होती.
मुरकुट्यांनी आगकाडी बुडवली
आणि चालते का बघू म्हणून
माझ्याच नखावर ओढली.
पहिली खूण माझी.
मला मत नाही.
मी इथे तासिका तत्त्वावर,
आणि आजची ड्यूटी तासिकांत धरत नाहीत.

यादीत सहाशे बारा नावं.
आडोशाला पुठ्ठा मिळेना,
म्हणून कपाटामागून कुणाचा तरी जुना प्रकल्प काढला:
मुळा-मुठेची पूररेषा, निळ्या स्केचपेनने.
पुठ्ठा असा बसला की
मत देणाऱ्याच्या तोंडासमोर नदी.

साडेदहापर्यंत तीन मतं.
तिघंही उमेदवार.

थोपटे ऋतुगंधा, चिन्ह छत्री.
बागवान सोहेल, चिन्ह सायकल.
तिसरा इतकं हळू बोलला
की त्याचं नाव मी त्यालाच यादीत शोधायला लावलं.
रात्री बारापर्यंत वसतिगृहात दारं ठोठावत होते म्हणे,
एकमेकांच्या विरोधात, एकाच जिन्यावर.
आता एकाच डब्यातली खिचडी खात
पायरीवर बसलेले,
चपलांचे आवाज ऐकत.
चपला यायच्या, वळायच्या,
वर इतिहास विभागात जायच्या.

बाराला एकजण आत आला, घामाघूम.
इथला पंखा चालू आहे ना, म्हणाला.
अभ्यासिकेतली लाईट गेली होती.
कोपऱ्यातल्या बाकावर बसून
ओठ हलवत पाठ करत राहिला:
कलम तीनशे चोवीस, निवडणूक आयोग.
मत देतोस का, विचारलं.
सर, पुढच्या रविवारी पूर्वपरीक्षा.
लाईट आली तसा
पानात बोट धरून गेला.
तेच बोट. डाव्या हाताचं.

दर तासाला मुख्य इमारतीतून फोन.
किती झालं?
एकोणीस.
अरे वा, एकोणीस टक्के!
नाही सर. एकोणीस.
मग बराच वेळ
नुसती त्यांच्याकडच्या पंख्याची घरघर.

पावणेपाचला एक मुलगी आली.
ओळखपत्र ओलं, फोटोची कड सुटलेली.
आडोशामागे इतका वेळ उभी
की मुरकुटे दोनदा खाकरले.
नदीच्या वर नुसतं तिचं डोकं दिसत होतं,
वाकलेलं.

पाचला डबा उलटा केला.
अठ्ठेचाळीस.
छत्री एकवीस, सायकल अठरा, तिसरा आठ.
एक बाद.

बाद मतपत्रिकेवर कुठलीच फुली नव्हती.
समासात, बारीक अक्षरात:
तिसऱ्या मजल्यावर जूनपासून पाणी नाही.
बादल्या कोण उचलतं, ते एकदा बघायला या.
खाली नाव नाही,
खोली क्रमांक.

ओळख पटेल असं काही लिहिलं तर मत बाद,
नियम मोठ्याने वाचून दाखवला.
मग कशाला कोण जाणे, तेही वाचलं.
ऋतुगंधाने छातीवरचा बिल्ला उगाच सरळ केला.
सोहेल खिडकीबाहेर बघत राहिला.
मोटर जळलीय, तिसरा म्हणाला,
मी दोनदा अर्ज दिलाय.
दिवसभरातलं त्याचं पहिलंच वाक्य
जे मला नीट ऐकू आलं.

पाकिटावर लाख ओतली.
लाख टेबलावरही सांडली.
उरलेली शाई मुरकुट्यांनी
बूच घट्ट दाबून पृथ्वीगोलामागे ठेवली.
पुढच्या वेळी लागेल, म्हणाले,
आणि स्वतःच हसले.

विद्यापीठ चौकातून दापोडीला येईस्तोवर आठ वाजले.
बायको म्हणाली, हे काय नखाला?
निवडणूक होती.
कसली?
नख पूर्ण वाढून निघायला पाचेक महिने लागतात.
माझी ऑर्डर मार्चअखेरपर्यंत.

मोरीत उभं राहून साबण लावला,
मग दगडाने घासलं.
रेघ हलली नाही.
पाणी भरपूर होतं.